अंदमानचा पस्ताना

उद्धवराव पोस्टात पस्तीस वर्षं कारकून होते, आणि त्या पस्तीस वर्षांत त्यांनी दुसऱ्याचं साधं पोस्टकार्डसुद्धा वाचलं नाही. कार्ड उघडंच असतं, डोळ्यांखालून जातं, एखादा शब्द दिसतोच की, पण नाही. पत्त्याची बाजू वर धरायची, शिक्का मारायचा, खणात टाकायचं. पूर्णा गावात कुणालाही विचारा, हेच सांगतील. माणूस सरळ. आता सरळपणालाही काही हद्द असावी की नाही, हा प्रश्न वेगळा, आणि तो विचारायची वेळ आली तेव्हा गाडी निघून गेली होती.

अशा माणसाला वेड लागलं ते बेटाचं. त्यांची शाळा निजामाच्या राजवटीतली, भूगोल उर्दूतून शिकलेला. मास्तरांनी सांगितलं होतं, जजीरा म्हणजे चारी बाजूंनी पाणी असलेली जमीन. सगळा वर्ग हसला. आमच्या भागात वैशाखात एका बाजूचं पाणी मिळायची मारामार, आणि हे म्हणे चारी बाजूंनी! उद्धव तेवढा हसला नाही. पुढं नोकरी लागली, पिनकोडाचं जाडजूड पुस्तक आलं, तेव्हा त्यात त्यांनी पहिल्यांदा पोर्ट ब्लेअर शोधलं. राणीसावरगावच्या एका म्हातारीचा पोरगा तिकडं नौदलात होता. तिचं पाकीट महिन्यातून एकदा पूर्णेवरून पुढं जायचं. ते हातात आलं की उद्धवराव क्षणभर थांबायचे, आणि मग खणात टाकायचे. आपण इथंच राहतो आणि पंधरावीस दिवसांत हे पाकीट बेटावर पोचतं, याचं त्यांना फार नवल वाटायचं.

सरकारी नोकराला चार वर्षांतून एकदा बायकोसकट देशात कुठंही जाऊन यायची सवलत असते. गाडीभाडं, जहाजाचं भाडं सरकार देतं. बाकीचे बाबू तिरुपतीला जायचे, नाहीतर काश्मीरला गेल्याचं दाखवून घरात बसायचे. उद्धवरावांनी अठ्ठ्याहत्तर साली अर्ज केला तो अंदमानचा. मंजूर झाला, रजा मिळाली, आणि त्याच महिन्यात विद्यापीठाच्या नामांतरावरून मराठवाडा पेटला. गाड्या बंद, रजा रद्द. एका खेड्यात जायला पोस्टमन धजेना म्हणून उद्धवराव स्वतःच पिशवी खांद्याला लावून गेले. तिथल्या दलितवस्तीतली आठ-दहा घरं जळालेली होती. जी उभी होती त्यांची कुलपं फोडलेली, कड्या लोंबत होत्या, आत काही उरलं नव्हतं. ज्यांच्या नावाची पत्रं होती ती माणसं जीव घेऊन कुठं गेली, कुणी सांगेना. पाकिटांवर ‘गाव सोडून गेले’ असा शेरा मारून ते परत आले. घरी बायकोनं, अनसूयाबाईंनी, अंदमानच्या तिकिटांचं विचारलं, तर त्यांना त्या तिकिटांची लाज वाटली. त्या लोंबत्या कड्या मात्र कितीतरी दिवस डोळ्यांपुढून हलल्या नाहीत.

दुसऱ्या खेपेला काही पेटलं नाही, नुसता कागद अडला. पूर्णेहून अंदमानला जवळचा रस्ता कलकत्त्यावरून की मद्रासवरून, असं वरच्या ऑफिसनं विचारलं. यांनी नकाशा काढून पाठवला. नकाशाला सही नाही म्हणून परत आला. सही करून पाठवला, तर साहेबाची बदली झालेली. नव्या साहेबानं नव्यानं विचारलं. असं करता करता चार वर्षांची मुदत सरली आणि सवलत बुडाली. उद्धवरावांनी कुणाशी भांडण केलं नाही. त्यांना भांडता येतच नव्हतं, हे त्यांच्या बायकोला लग्नाच्या दुसऱ्या दिवशीच कळलं होतं.

आता अनसूयाबाईंचं सांगतो, कारण खरी आस पुढं पुढं त्यांनाच लागली. चौदाव्या वर्षी लग्न होऊन पूर्णेत आल्या. सासू बायनाबाई कडक, घर दोन खोल्यांचं, एक मुलगी हेमा. मोठं पाणी म्हणजे गंगाखेडची गंगा, म्हणजे गोदावरी, आणि येलदरीचं धरण, एवढंच त्यांनी पाहिलेलं. येलदरीला एकदा पोस्टातली मंडळी सहलीला गेली, तेव्हा त्या धरणाच्या भिंतीवर उभ्या राहिल्या आणि समुद्र एवढा असतो का म्हणून नवऱ्याला विचारलं. उद्धवराव म्हणाले, समुद्राचा पलीकडचा काठ दिसत नसतो. मग तिथं बघायचं तरी काय, असं म्हणून त्या हसल्या. पण ते त्यांच्या मनात रुतून बसलं. भाकरी थापता थापता मधेच विचारायच्या की काठ दिसत नाही तर जहाजवाल्याला कळतं कसं कुठं जायचं ते.

सत्त्याऐंशी साल उजाडलं. पुढच्या जानेवारीच्या एकतीस तारखेला उद्धवराव रिटायर होणार. नोकरीत असताना प्रवास सुरू झाला तर सवलत, नंतर नाही. म्हणजे ही शेवटची खेप. ही हुकली तर स्वतःच्या पैशानं अंदमानला जाणं त्यांना सात जन्मात परवडणारं नव्हतं, हे दोघांनाही पक्कं ठाऊक होतं. या वेळेला उद्धवरावांनी वरच्या ऑफिसच्या भरवशावर काही ठेवलं नाही. सगळा बेत त्यांनी पंधरा पैशांच्या कार्डांवर जमवला. मद्रासच्या पोस्टातल्या एका कारकुनाला, ज्याचं तोंडही कधी पाहिलं नव्हतं, त्यांनी कार्ड टाकलं: पोस्टातला भाऊ समजून जहाजाच्या चौकशीचं बघावं. त्या भल्या माणसानं उत्तर दिलं. मग ड्राफ्ट गेला, आणि तो बिचारा रजा काढून रांगेत उभा राहिला आणि दोन तिकिटं रजिस्टरनं पाठवली. सगळ्यात स्वस्त वर्ग, जहाजाच्या पोटात एकावर एक फळ्या, त्यातल्या दोन. पोर्ट ब्लेअरच्या पोस्टमास्तरांनाही कार्ड गेलं. त्यांनी कळवलं की आमच्या कचेरीच्या मागं एक खोली आहे, खाट एकच आहे, पण नळ आहे. अनसूयाबाईंना त्या नळाचा फार आनंद झाला.

जहाजावरचं जेवण महाग आणि त्यात मासळी, म्हणून अनसूयाबाईंनी सहा दिवस टिकतील अशा दशम्या दुधात भिजवून करायचं ठरवलं. शेंगदाण्याची चटणी, लोणचं, भाजलेले चुरमुरे. संक्रांतीचे तिळाचे लाडू मुद्दाम जास्त केले. त्यातले अर्धे मद्रासच्या त्या कारकुनाला द्यायचे होते. शनिवारी दुपारची सिकंदराबादची गाडी, तिथून मद्रास, मंगळवारी सकाळी जहाज. सिकंदराबादची गाडी दिवसाला एकच, आणि रविवारच्या गाडीनं गेलं तर जहाज सापडत नव्हतं. त्यानंतरचं जहाज पंधरा दिवसांनी, म्हणजे रिटायर झाल्यावर. हेमा परभणीहून म्हाताऱ्या आजीजवळ राहायला आली. सगळं जुळून आलं होतं, आणि तिथं बायनाबाई आडव्या आल्या.

आडव्या म्हणजे वाईट मनानं नव्हे. आधी त्यांनी अंदमान ऐकून, काळ्या पाण्याला चाललास तर कुणाचा खून करून आलास ते तरी सांग, म्हणून पोराची थट्टा केली होती. पण पंचांग दाखवल्यावर त्यांचा चेहरा उतरला. शनिवार, आणि जायचं पूर्वेला. शनिवारी पूर्वेला दिशाशूळ. त्या दिवशी त्या दिशेला निघालेला माणूस सुखानं परत येत नाही, असं त्यांच्या आईनं त्यांना सांगितलेलं. ऐंशी वर्षांची बाई, दोन दिवस जेवली नाही. रिझर्व्हेशन बदलत नाही, जहाज थांबत नाही, हे तिला कोण सांगणार? शेवटी तिनंच तोड काढली: पस्ताना ठेवायचा.

पस्ताना म्हणजे असं: चांगल्या दिवशी प्रवासाच्या सामानातलं थोडं काही बांधून, ज्या दिशेला जायचं त्या दिशेच्या दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं. ते ठेवलं की माणूस त्या दिवशीच निघाला असं धरतात. मग प्रत्यक्ष कधीही निघा, वाटेत ते गाठोडं उचला आणि पुढं चला. नियम एकच, ते गाठोडं परत घरात आणायचं नाही. आणलं की पस्ताना मोडला, प्रवास मोडला.

गल्लीच्या पूर्वेच्या टोकाला आश्रुबाचं घर. आश्रुबा रेल्वेत गँगमन, बायको सरजाबाई, मायाळू माणसं. बुधवार ठरला. अनसूयाबाईंनी हळकुंड, सुपारी, तांदूळ आणि एक लुगडं काढून ठेवलं. बस झालं असतं की नाही? जगभर लोक एवढंच ठेवतात. पण म्हातारीनं लेकाला विचारलं, “उद्धवा, ह्याच्यात खरं जाण्यातलं काय हाय? लुगडं काय, दुसरं बी घेता येतं. ज्याच्याबिगर जाता येत न्हाई, असं काही ठेव बाबा. देवाला फसवू नको.”

दुसरा कुणी हो-हो म्हणाला असता. पण उद्धवरावांनी आयुष्यात खोटी पिशवी बांधली नव्हती. त्यांनी कपाटातून पाकीट काढलं, रेल्वेची तिकिटं, जहाजाची तिकिटं, पोस्टमास्तरांचं कार्ड, सगळं त्यात होतं, आणि ते लुगड्याच्या घडीत ठेवलं. वर कापड, कापडावर सुतळी, सुतळीच्या गाठीवर लाख. हो, लाखसुद्धा लावली. टपालाची पिशवी बंद करतात तशी. अनसूयाबाई म्हणाल्या की तिकिटं तरी बाहेर राहू द्यावीत. ते म्हणाले की बांधलेली पिशवी मुक्कामाला पोचेपर्यंत उघडत नसतात, आणि आश्रुबाच्या घरात ती आपल्या घरापेक्षा सुरक्षित आहे. यात खोटं काही नव्हतं. आश्रुबानं ते गाठोडं दोन्ही हातांनी घेतलं, भिंतीतल्या देवळीत ठेवलं, आणि घरात आणायचं नाही हा नियम बायनाबाईंनी त्याला तीनदा सांगितला.

शनिवार. बारा वाजता बायनाबाईंनी दोघांच्या हातावर दही घातलं. टांगा दारात आला, ट्रंक चढली, दशम्यांचा डबा चढला. अनसूयाबाईंनी नवं लुगडं नेसलं होतं आणि पायात चपला घातल्या होत्या, ज्या त्या फक्त लग्नाकार्यात घालायच्या. गाडी अडीचला. टांगा आश्रुबाच्या दारापुढं थांबला, उद्धवराव उतरले, आणि दाराला कुलूप.

शेजारच्या सुमनबाई राख टाकायला बाहेर आल्या. त्यांनी सांगितलं ते असं: पहाटे स्टेशनवर येलदरीचा निरोप आला, सरजाबाईचे वडील गेले. दोघं नवराबायको रडत रडत पहिल्या गाडीनं परभणीला आणि तिथून पुढं गेले. अंधार होता, घोंगडी पांघरलेली होती, यापलीकडं कुणाला काही सांगितलं नाही. किल्ली त्यांच्याच कमरेला.

उद्धवरावांना आधी काही कळलंच नाही. त्यांनी कुलूप हातात घेऊन पाहिलं, खिडकीची फट पाहिली. येलदरीला जाऊन यायचं तर संध्याकाळ. टांगेवाला म्हणाला, फोडा की भाऊसाहेब, आश्रुबा काय म्हणणार हाय? सुमनबाईही तेच म्हणाल्या. आणि मग काठी टेकत टेकत स्वतः बायनाबाई आल्या. त्यांना घरूनच दिसलं होतं. पदराखाली खलबत्त्यातला लोखंडी बत्ता होता. तो त्यांनी लेकाच्या हातात दिला.

“फोड उद्धवा. पाप माझ्या माथ्यावर. म्याच ठेवायला लावला.”

उद्धवरावांनी बत्ता घेतला. कडी जुनी, दोन घावांत निघाली असती. त्यांनी हात वर केला. आणि तो हात तिथंच राहिला. काय झालं ते त्यांना कुणाला सांगता आलं नाही, पुढंही कधी आलं नाही. समोर आश्रुबाचं दार होतं, आणि दिसत होत्या त्या दहा वर्षांपूर्वीच्या लोंबत्या कड्या. ज्याच्या घरात माणूस गेलंय, जो रडत रडत दार लावून गेलाय, त्याचं दार त्याच्या माघारी फोडायचं, आणि कशासाठी, तर समुद्र बघायसाठी. त्यांनी बत्ता ओट्यावर ठेवला आणि खाली बसले.

टांगेवाल्यानं दोन वाजल्याचं सांगितलं. अनसूयाबाई टांग्यातून उतरल्या नव्हत्या. त्या एवढंच म्हणाल्या, “चला तर खरं. टेसनावर जाऊन तर बघू.”

“रिकाम्या हातानं तिथं काय बघायचंय?” उद्धवराव म्हणाले. “तिकीट न्हाई, काही न्हाई. लोकाला तमाशा कशाला?”

अडीचला गाडीची शिट्टी झाली. पूर्णेत गाडीची शिट्टी दिवसातून कितीदा तरी होते, कुणी मान वर करत नाही. त्या दिवशी गल्लीतल्या सगळ्यांनी केली. मग टांगेवाल्यानं ट्रंक उतरवली, पैसे घेतले नाहीत, आणि घोडं वळवलं. हेमानं आईचा हात धरून घरात नेलं. बायनाबाई आश्रुबाच्या ओट्यावरच बसून राहिल्या, आणि आपलं तोंड पदरानं झाकून घेतलं. उद्धवरावांना वाटत होतं की कुणीतरी आपल्याला शिव्या द्याव्यात. कुणी देत नव्हतं.

चारच्या सुमाराला गल्लीच्या तोंडाशी चंद्रभान दिसला. स्टेशनवरच्या पार्सल ऑफिसचा हमाल, आश्रुबाचा दोस्त. लाल डगला, घामाघूम, आणि दोन्ही तळव्यांवर गाठोडं. गल्लीत पाऊल टाकायला तयार नाही. तिथूनच हाका मारायला लागला. उद्धवराव गेले. लाखेचा शिक्का जसाच्या तसा होता.

“पहाटं आश्रुबानं देल्तं माझ्याजवळ,” चंद्रभान म्हणाला. “म्हणला, भाऊसाहेबाचा पस्ताना हाय, दुपारच्या गाडीला येतील, हातात दे. घराकडं न्यायचा न्हाई, लय बजावून सांगितलं. पुऱ्या गाडीला दोनदा फिरलो भाऊसाहेब. एकेक डब्बा पाह्यला. गार्डाला म्हणलं, दोन मिन्टं थांब, आमचे पोष्टाचे भाऊसाहेब यायलेत. थांबला बी तो. तुमी आलेच न्हाईत.”

सासरा मेलेला, बायको रडतेय, पहाटेची गाडी सुटतेय, आणि त्या माणसाला शेजाऱ्याचं गाठोडं आठवलं. नियम मोडू नये म्हणून त्यानं ते घराकडं न आणता, जिथून प्रवास होणार तिथं नेऊन ठेवलं. सांगितलं तसं केलं. चंद्रभाननंही सांगितलं तसं केलं. बायनाबाईंनी आईनं सांगितलं तसं केलं. उद्धवरावांनी तर जन्मभर दुसरं काही केलंच नव्हतं. यात चूक कुणाची काढणार? पंधरा मिनिटांच्या वाटेवर स्टेशन, तिथं गाठोडं, तिथं गाडी थांबवून धरलेली, आणि हे इथं कुलपापुढं बसलेले.

उद्धवरावांना रडू आवरलं नाही. भर गल्लीत, हमालासमोर, अठ्ठावन्न वर्षांचा माणूस रडला. चंद्रभान गाठोडं धरून तसाच उभा. त्याला ते खाली ठेवता येईना की देता येईना.

हाक ऐकून अनसूयाबाई दारात आल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं. एकदा तरी त्यांनी म्हणायला पाहिजे होतं की मी म्हणत होते स्टेशनवर चला. त्या दिवशी म्हणाल्या नाहीत आणि त्यानंतर कधी म्हणाल्या नाहीत. त्यांनी फक्त चंद्रभानला सांगितलं की ते आश्रुबाच्या ओट्यावर ठेवा, आणि पाणी पिऊन जा. दशम्या गल्लीभर वाटल्या. लाडूंचा डबा तेवढा उद्धवरावांनी सोमवारी शिवून, शिक्का मारून मद्रासच्या कारकुनाला पार्सल केला. सोबतच्या कार्डावर काय लिहावं ते त्यांना सुचलं नाही, म्हणून नुसता नमस्कार लिहिला.

एकतीस तारखेला नारळ, शाल, दोन भाषणं झाली आणि ते रिटायर झाले. तेरावं उरकून आश्रुबा आणि सरजाबाई परत आले, तेव्हा कुलपाखाली ओट्यावर तेच गाठोडं. त्यांनी ते उचलून परत देवळीत ठेवलं. आश्रुबाला सगळं कळलं तसा तो धावत उद्धवरावांच्या दारात आला, उंबऱ्याबाहेरच उभा राहिला आणि कपाळावर हात मारून घेतला. म्हणाला, दार फोडलं असतंत तर मी काय तुमाला फाशी देणार होतो का? उद्धवरावांनी त्याला आत बोलावून बसवलं, सासऱ्याचं विचारलं, पण त्याच्याकडं बघितलं नाही.

बायनाबाई म्हणाल्या की आता झालं गेलं, तारीख गेली, गाठोडं घरात आणा, निदान आतलं लुगडं तरी वापरात येईल. आश्रुबा आणायला उठला. तेव्हा अनसूयाबाई चुलीपुढून उठून बाहेर आल्या.

“ऱ्हाऊ द्या भाऊ, तिथंच ऱ्हाऊ द्या,” त्या म्हणाल्या. “आमी बुधवारी निघालोत. ते घरात आलं की मग आमी गेलोच न्हाईत असं होईल.”

मग त्या आत गेल्या आणि भाकरी उलटली. गाठोडं आश्रुबाच्या देवळीत राहिलं.